कचरूबापू पायानं गेले

कचरू हे काही लाडाचं नाव नव्हे. आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून चौथ्याला आईनं जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं आणि कचरू म्हणून हाक मारली. यमानं घाण समजून पुढं जावं, एवढाच हेतू. यम बिचारा अडाणी, तो फसला. चौसष्ट वर्षं झाली तरी दाराशी फिरकला नाही. कचरू शिंगाड्याला शेवटी मारलं ते शिकल्यासवरल्या माणसांनी, आणि तेही निळ्या पेनानं!

वाटूरपासून चार कोसांवरचं त्याचं गाव. गावाच्या शेवटाला धनगरगल्ली, गल्लीत सात घरं, आणि सातही घरचे बाप्ये दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घनसावंगीकडं, गोदेकाठी उतरणार. तिथं लोकांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायची आणि उन्हाळा सरता सरता परतायचं. पावसाळ्यात मात्र गावात जिकडं तिकडं पिकं उभी. तेव्हा मेंढराला तोंड लावायला जागा एकच, गावचं चाळीस एकर गायरान. गायरान गेलं तर मेंढरं गेली, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

आणि त्या साली नेमका गायरानाचाच घाट घातला गेला. सरपंचकीला तातेराव उभा होता. निवडून आल्यावर गायरान सोलरवाल्या कंपनीला द्यायचं, असं त्याचं ठरलेलं. त्याच्या विरोधात अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या सत्यशीलाताई उभ्या राहिल्या. "गायरानाला हात लावू देणार नाही," म्हणाल्या. गोदेकडं निघताना कचरू ताईंच्या दारात उभं राहून सांगून गेला, "ताई, बिलकुल काळजी करू नका. आमच्या गल्लीची मतं पक्की. मी आजवर एक मतदान चुकवलं न्हाई." आणि ते खरंच होतं. कुठंही असो, मतदानाला बाबा हजर. त्या एका दिवशी त्याला सगळं गाव कचरूराव म्हणायचं, त्याचीही थोडी गोडी होतीच म्हणा.

मेंढरं गेली आणि पंधरा दिवसांनी मतदारयाद्या तपासायला शिवशंकर गुरुजी आले. गुरुजी शहरातले, शाळेवर नवे, स्वभावानं देवमाणूस. कचरूच्या दारात बायको गोपिकाबाई ज्वारी निवडत होती.

"कचरू त्रिंबक शिंगाडे?" गुरुजींनी यादीवर बोट ठेवलं.

आता नवऱ्याचं नाव परक्या माणसाच्या तोंडून ऐकून गोपिकाबाई आधीच अर्धी झालेली. तिनं पदर पुढं ओढला आणि मान खाली घालून म्हणाली, "ते गेले."

गुरुजी चपापले. "अरेरे! कधी?"

"पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी."

"कशानं गेले हो?"

"पायानंच की," गोपिकाबाई म्हणाली. म्हाताऱ्याला कोण मोटार देणार होतं!

गुरुजींचे चुलते साखरेच्या आजारात पाय सडून वारलेले. त्यांना सगळं समजलं. "फार वाईट झालं, मावशी," म्हणून त्यांनी डोळे पुसले आणि नावापुढं लिहिलं, मयत.

पुढच्या दारीही तेच. "गेले." त्याच्या पुढच्या दारीही "गेले." सात दारं, सात गेले, आणि सगळे एकाच दिवशी! एखाद्याला वाटलं असतं, गल्लीत वीज पडली का काय. गुरुजींना वाटलं, साथ असेल. तालुक्याच्या कचेरीत तर कुणाला काहीच वाटलं नाही.

बरं, गुरुजी चुकले, चुकू द्या. पण यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आठ दिवस लटकत होती, कुणाचा आक्षेप असेल तर घ्यावा म्हणून. ती तातेरावानं चष्मा लावून दोनदा वाचली. धनगरगल्लीतली सात माणसं मेली म्हणे, आणि हा गडी एकाच्याही मातीला गेला नाही, एकाच्याही घरी भेटून आला नाही! गुपचूप चष्मा काढला आणि घरी गेला. मला राग गुरुजींचा नाही येत, त्या चष्म्याचा येतो. सत्यशीलाताई प्रचाराला दारोदार फिरत होत्या, त्यांनी भिंतीकडं पाहिलंच नाही, हेही सांगितलं पाहिजे.

मतदानाच्या दिवशी सगळी मेंढरं एकट्या कडूबाच्या भरवशावर टाकून सहा मेलेली माणसं जीपनं गावात आली. कचरू धुतलेलं धोतर, लाल पटका बांधून शाळेत शिरला. तातेरावाचा पुतण्या सर्जेराव माणसं ओळखायला आत बसलेला. सकाळीच त्यानं आणि कचरूनं एका टपरीवर चहा घेतलेला.

"राम राम, बापू," सर्जेराव उठून म्हणाला आणि मग मतदान घेणाऱ्या साहेबांकडं वळला. "साहेब, आमचा आक्षेप हाय. हे मयत हायेत."

साहेबांनी यादी पाहिली, कचरूकडं पाहिलं, पुन्हा यादी पाहिली. "आजोबा, तुम्हाला इथं कोण ओळखतं?"

"हा सर्जेरावच की. याला खांद्यावर घेऊन फिरलोय मी."

"ओळखतो ना, बराबर ओळखतो," सर्जेराव म्हणाला. "बापू म्हंजे आपलं दैवत. पण यादीत न्हाईत. बापू, मनावर घेऊ नका, कायदा हाय!"

सहाही जण कोरडं बोट घेऊन बाहेर आले. कचरू तरातरा घरी गेला आणि दारातूनच ओरडला, "मारलंस ना मला!"

गोपिकाबाईला आधी काही कळेना. कळलं तशी ती खालीच बसली. "मी म्हणलं, गेले. गेल्तेच न्हवं तुम्ही?" आणि रडायला लागली. मग कचरूला हसू फुटलं आणि हसता हसता त्याचेही डोळे भरून आले. तिला तरी काय बोलणार? चाळीस साल ती तेच म्हणत आली होती.

सत्यशीलाताई चार मतांनी पडल्या. चार! गायरानाचा ठराव दुसऱ्याच महिन्यात झाला. पावसाळ्याच्या तोंडावर मेंढरं घेऊन तो परतला, तेव्हा चाळीस एकराला तारेचं कुंपण आणि आत निळ्या काचांच्या रांगा. त्या साली त्यानं मेंढरं रस्त्याच्या कडेनं चारली. त्यात नऊ उपासमारीनं मेली आणि चार गाडीखाली आली.

नाव परत लावायला तो तालुक्याला, परतूरला गेला, तर बाबू म्हणाला, "मेलेलं नाव जिवंत करायची सोय न्हाई, बाबा. नवीन मतदार म्हणून अर्ज भरा." कचरूनं भरला.

म्हणून पुढच्या जानेवारीत, मतदार दिवसाच्या कार्यक्रमात, अठरा वर्षांच्या पोरापोरींच्या रांगेत नवमतदार कचरू शिंगाडे उभा होता. तालुक्याच्या साहेबांनी त्याला ओळखपत्र आणि गुलाबाचं फूल दिलं. टाळ्या पडल्या. "लोकशाहीत एका मताची किंमत फार मोठी असते, आजोबा," साहेब म्हणाले.

"व्हय, मला म्हाईत झाली," कचरू म्हणाला. "साहेब, आता गावचं मतदान कधी?"

"आता चार वर्षांनी."

"तवर मेंढरायनं काय खायाचं?"

साहेबांना प्रश्न नीट ऐकू आला नसावा, कारण तेवढ्यात शपथ सुरू झाली. सगळ्यांनी उजवा हात पुढं केला. कचरूनंही केला, आणि यापुढं एकही मतदान चुकवणार नाही, अशी मोठ्यानं शपथ घेतली.

बाहेर आल्यावर त्यानं गोपिकाबाईला फोन लावला. "कडूबाला निरोप दे, येत्या बाजाराला गिऱ्हाईक बघ म्हणावं. समदी मेंढरं काढून टाकू."