शिवणीची फळी

लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मी बेस गिटार वाजवतो. तिचा दांडा वाकला की अवसरी बुद्रुकच्या एका सुताराकडे नेतो. एरवी तो दारं-खिडक्या करतो. आपण बोलायला लागलो की तो हातातलं काम थांबवून आपल्या तोंडाकडे रोखून बघतो. मला तो उद्धटपणा वाटायचा.

यंदा गिटारचं अंगच नवीन करायचं ठरलं. मी सागवान मागितलं, कारण आमच्याकडे भारी लाकूड म्हणजे सागवान.

"सागवान दाराला," तो म्हणाला. "हे तुमी गळ्यात घालून चार तास उभं राहणार. खांदा राहील का? शिवण घ्या. हलकी असती, आन् आवाज धरून ठिवती."

मग एकेका फळीवर हनुवटी टेकवून तो दुसऱ्या टोकाला बोटाच्या पेरानं ठोकत गेला. तीन फळ्या बाजूला सारल्या, चौथी ठेवली.

गिटार तयार झाली. जाड तार छेडली तर सूर पोटात उतरून तिथंच रेंगाळला. "लई गोड लागलाय, मिस्त्री," मी खाली बघतच म्हणालो. उत्तर आलं नाही. मी वर बघून पुन्हा म्हणालो.

"मशीननं कान गेलं माजं," तो म्हणाला. "लई वर्सं झाली."

"मग फळी कशी निवडता?"

त्यानं माझा तळवा उरलेल्या फळीच्या टोकावर ठेवला आणि दुसऱ्या टोकाला ठोकलं.

"कळलं?"

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी हो म्हणालो. ठोका मला कानांनी ऐकू आला होता. हाताला काहीच कळलं नव्हतं.