डोकेदुखीवरचा तांब्या

आमच्या पाथर्डीच्या घरी देव प्रकट झाला तो माझ्या हातून, आणि तोही फुलं कोमेजू नयेत एवढ्याच कारणासाठी.

लढाईचे दिवस होते. मी नुकतीच लग्न होऊन पुण्याहून पाथर्डीला आले होते. आमचे हे शाळामास्तर. घरात सासूबाई आणि धाकटी नणंद कुसुम. कुसुमवन्संना बघायला नगरची मंडळी यायची होती. मुलगा शिकलेला, नोकरी सरकारी, हुंडा नको! अडचण एकच. मुलाचे वडील तात्यासाहेब पक्के सुधारक. अंगारे-धुपारे, नवस-सायास म्हटले की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एका मुलीच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली दिसली, तर ते पोह्यांकडे न बघता उंबऱ्यावरूनच परत फिरले होते म्हणे.

वन्संना तर मुलगा आधीच आवडलेला. (नगरला मावशीकडे गेल्या असताना त्यांनी त्याला पाहिलं होतं. मला शपथ घातलीय, म्हणून मी कुणाला सांगत नाही.)

"वहिनी, हे स्थळ मोडलं ना, तर मी जन्मभर इथंच तुझ्या उरावर बसेन हं!"

हे ऐकून मी पदर खोचला. "घर असं सजवते वन्सं, की तात्यासाहेबांना वाटावं आपण विलायतेला आलो!"

माझ्याजवळ एक मासिक होतं आणि त्यात दिवाणखान्यातल्या पुष्परचनेवर लेख होता. फुलं उंच फुलदाणीत ठेवावीत, असं त्यात होतं. पाथर्डीत फुलदाणी मागितली असती तर लोकांनी मला चुन्याची डबी आणून दिली असती! म्हणून मी देवघराबाहेरचा तांब्या चिंचेनं लख्ख घासला. फुलांभोवती हिरवी पानं हवीत; शेजारच्या आंब्याची तोडली. देठ दोऱ्यानं बांधावेत. हाताला लाल दोरा लागला. टेबलावर ह्यांच्या शाळेच्या वह्यांचा डोंगर, म्हणून चौरंग घेतला. चौरंगावर तेलाचे डाग, म्हणून त्यावर माझा खण अंथरला. तांब्या डुगडुगायला लागला, म्हणून खाली मूठभर तांदूळ पसरले. मग शेवंती, झेंडू आणि तगर खोचली. शेवटी, फुलं टवटवीत राहावीत म्हणून, मासिकाबरहुकूम पाण्यात डोकेदुखीची एक गोळी विरघळवली. (वह्या तपासून ह्यांचं डोकं उठायचं, त्यामुळे घरात गोळ्यांची बाटली असायची.) चार पावलं मागे सरून पाहिलं. अगदी विलायती दिसत होतं हो!

तेवढ्यात शेजारच्या सखूआत्या विरजण मागायला आल्या. कपाळाला फडकं आवळलेलं. त्यांचं डोकं माझ्या लग्नाआधीपासून दुखत होतं. चौरंगाकडे नजर जाताच त्यांनी हात जोडले.

"अगं बया! कलश मांडला व्हय सूनबाई? आन् आमाला सांगितलं बी न्हाई!"

"आत्या, कलश नाही तो. नुसती शोभा आहे."

"शोभा हायच की! देवाची न्हाई तर कुनाची आसंल?"

इतक्यात चुलीवरचं दूध उतू गेलं. मी आत धावले. बाहेर येते तो आत्यांनी पळीनं चांगलं दोन-तीनदा तीर्थ घेतलेलं! मी कपाळावर हात मारला आणि विरजण देऊन त्यांना वाटेला लावलं. माझं पीठ मळून होतं न होतं तोच गल्लीतून आरोळी आली. आत्या फडकं हातात नाचवत उभ्या होत्या.

"उतरलं गं! माझं डोस्कं उतरलं! मास्तरच्या घरी जागृत हाय, बायांनो!"

बायांनो म्हणायचा अवकाश! ओसरी भरली. पायऱ्या भरल्या. पाथर्डीत डोकं नसलेली माणसं खूप भेटली होती, पण दुखणारी डोकी एवढी असतील असं वाटलं नव्हतं. तांब्या तळाला गेला. फुलं माना टाकायला लागली, म्हणून मी पाणी ओतलं. पाणी ओतलं म्हणून गोळी टाकली. आणि गोळी टाकली म्हणून आणखी बाया आल्या!

सासूबाई देवळातून परतल्या त्या या गर्दीत. मी त्यांना बाजूला घेऊन खरं ते सांगितलं.

"कलश म्हणून मांडलाच नव्हता हो मी!"

"खण आहे, तांदूळ आहेत, आंब्याची पानं आहेत, लाल दोरा आहे," सासूबाई कुजबुजल्या. "आणखी काय नारळानं येऊन तुझ्या कानात सांगायला हवं होतं?"

त्याच क्षणी सखूआत्यांनी वर नारळ ठेवला.

"झालं!" सासूबाई म्हणाल्या. "आता गुरुजींनी उत्तरपूजा केल्याशिवाय याला हलवायचं नाही."

"मग बोलवा ना गुरुजींना!"

"गुरुजी घोडेगावच्या बाजाराला गाय बघायला गेलेत. उद्या येतील."

"पण तात्यासाहेब आज येणार! स्थळ हातचं जाईल!"

"स्थळ दुसरं मिळेल. देव दुसरा कुठून आणू?"

दाराआड कुसुमवन्सं मुसमुसत होत्या. मला त्यांची फार दया आली, आणि त्या माझ्या उरावर बसलेल्याही दिसू लागल्या. तेवढ्यात हे शाळेतून आले.

"अगं, माझ्या गोळ्या कुठायत?"

"फुलांनी खाल्ल्या."

"किती?"

"मासिकात एकच सांगितली होती. पण मासिकवाल्यांनी गर्दीचा विचार केला नव्हता!"

आणि बाहेर मोटार थांबली. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. धूर सगळा उतारूंच्या नाकात. तात्यासाहेब कपाळ दाबतच उतरले. मागे मुलगा. दारात रांग, चौरंग, नारळ, तीर्थ! त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"मास्तर, तुम्ही शिकलेले ना? मग घरात ही बुवाबाजी? चल रे, परत फिर!"

दाराआडचं मुसमुसणं वाढलं. मग मात्र मला राहवेना. मी सासऱ्यांच्या वयाच्या परक्या माणसासमोर ओरडले, "अहो, चमत्कार नाही हो! पाण्यात डोकेदुखीची गोळी आहे! फुलं टिकावीत म्हणून टाकली. शास्त्र आहे ते!"

सखूआत्या पुढे आल्या.

"गोळी हाय व्हय? मंग काय झालं? आजवर देवानं अंगारा दिला, आता गोळी दिली. मानसांनीच सुधारायचं, देवानं सुधारायचं न्हाई व्हय?"

तात्यासाहेब थबकले. त्यांनी एक हात कपाळावर ठेवला.

"गोळी... चांगल्यापैकी आहे का?"

"आत्यांना विचारा," मी म्हटलं.

"मग द्या घोटभर. मोटारीनं डोकं फुटायची पाळी आलीय. पण सगळ्यांनी ऐका, मी हे औषध म्हणून घेतोय!"

सासूबाईंनी नारळ जरासा कलता करून पळी भरली. तात्यासाहेबांनी उजव्या तळव्याची खळी केली, खाली डावा हात धरला, डोळे मिटून घोट घेतला आणि ओला हात सवयीनं सरळ डोक्यावरून पार मानेपर्यंत फिरवला! अख्ख्या ओसरीनं पाहिलं. आम्ही पाहिलं, हे त्यांनीही पाहिलं.

"केस... केस बसवत होतो," ते म्हणाले. (डोक्यावर एकही केस नव्हता.)

त्यानंतर त्यांना सगळ्याचीच घाई झाली. "मुलगी कुठाय? बोलवा, बोलवा!" कुसुमवन्सं रडून लाल झालेलं नाक घेऊन बाहेर आल्या. मुलानं त्या नाकाकडे असं पाहिलं, की पोह्यांआधीच होकार समजला.

"आणि ही पुष्परचना कुणी केली?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"कुसुमनंच!" सासूबाई म्हणाल्या. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

सुपारी फुटली. माझं डोकं मात्र सकाळपासूनच्या कालव्यानं ठणकत होतं. ह्यांच्याकडे गोळी मागितली, तर ह्यांनी रिकामी बाटली उपडी करून दाखवली. तेव्हा पुण्याची शिकलेली, मासिकं वाचणारी मी चौरंगाकडे वळले.

"ओ सूनबाई!" सखूआत्या कडाडल्या. "मधी न्हाई घुसायचं!"

मी डोक्यावरून पदर घेतला आणि मुकाट्यानं रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.