वीण चुकलेलं इरलं

पोशीरच्या गौराबाईंनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही असं म्हटलं, तर ते थोडं खोटं ठरेल. उखाण्यात घेतलं. लग्नात घेतलं, हळदीकुंकवाला बायकांनी दार अडवलं तेव्हा घेतलं, आणि तेही ठसका लागल्यासारखं, पटकन. एरवी नाही. नवऱ्याचं नाव गजानन, गाव त्याला गजा म्हणायचा, आणि त्या नावानं बाईची भलतीच पंचाईत करून ठेवली होती. खिडकीच्या गजांना त्या सळ्या म्हणत. महडच्या देवळात बाकीच्या बायका देवाचा नामगजर करीत, तेव्हा या नुसत्या टाळ्या वाजवीत. देवाचा विषय निघाला की ‘सोंडेवाले’. नातू स्वराज शाळेत जायला लागला तेव्हा मुद्दाम छळायचा, “आजी, आजोबांचं नाव सांग ना!” त्यावर ठरलेलं उत्तर मिळे, “तुझ्या बापाला इचार, त्येला पाठ हाय.”

घरात नवऱ्याला त्या ‘हे’ म्हणत आणि चारचौघांत ‘घरचे’. घरचे शेतावर गेलेत, घरच्यांनी बैल आणला. पोशीरमध्ये याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

गजाची भातशेती बेताचीच, पण माणसाच्या बोटांत कसब होतं. बांबू फोडून कांबट्या काढाव्यात त्या त्यानंच. टोपल्या, भाताच्या कणग्या, लावणीच्या दिवसांत पाठीवर घ्यायची इरली, जो मागेल त्याला विणून द्यायचा. इरलं म्हणजे कांबट्यांची दुहेरी जाळी आणि मधे दाबून बसवलेली पळसाची पानं. डोक्यावरून कमरेपर्यंत पाठ झाकणारं. बाई दिवसभर वाकून भात लावते तेव्हा वरून धो धो कोसळलं तरी पाठ कोरडी राहिली पाहिजे, नाहीतर विणणाऱ्याची लाज जाते. गजाचं इरलं गळलं असं कुणी कधी म्हणालं नव्हतं.

लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांना मुलगी झाली. तिचं नाव चिमा. लावणीच्या वेळी ती काही महिन्यांची होती, अंगावर पिणारी, तिला घरी ठेवून आईला शेतात जाता येईना. मग गजानं एक निराळंच इरलं विणलं. पाठीवर जरा डाव्या बाजूला त्यानं कांबट्या सैल सोडून एक फुगवटा काढला, कारण पाठीशी बांधली की चिमा मान डावीकडे टाकून झोपायची. पोरीचं डोकं बरोबर त्या पोकळीत बसे. गावात थट्टा झाली. “गजाच्या इरल्याला पन दिवस गेले गं!” असं म्हणून बायका पदर तोंडाला लावून हसत. गजाही हसे. संध्याकाळी मात्र घरात पाऊल टाकण्याआधी तो त्या पोकळीत हात घालून बघे आणि विचारे, “आत पानी येतंय का गं?”

त्याच लावणीत चिमा गेली. आदल्या रात्री अंग थोडं कोमट होतं. सासू म्हणाली, आज पोर नेऊ नको. पण शेतात पाणी साठलेलं, आवणाची रोपं उपटून पडलेली, माणसं मिळत नव्हती. गौराबाईंनी नेली. दुपारी ताप चढला आणि नेरळच्या डॉक्टरकडे पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हा घराघरात फोटो काढायची पद्धत नव्हती. पोरीची मागं राहिलेली वस्तू एकच, ते इरलं. गजानं ते चुलीवरच्या माळ्यावर ठेवून दिलं. पुढं रूपेश झाला, वाढला, त्याचं लग्नही झालं, पण चिमाचं नाव दोघांनी एकमेकांसमोर पुन्हा काढलं नाही. दुःख वाटून घेतल्यानं हलकं होतं म्हणतात. या दोघांनी ते आपापल्या कोपऱ्यात बसून खाल्लं.

मग रूपेशनं कौलं उतरवून स्लॅब घालायचं काढलं. माळा गेला. त्याच सुमारास कळंबचे दत्ता गुरुजी गावोगाव फिरत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या शाळेच्या एका खोलीत लोकसंस्कृतीचं संग्रहालय काढायला घेतलं होतं आणि मिळेल ती जुनी वस्तू ते मागून नेत. गुरुजी मूळचे घाटावरचे. माणूस देवासारखा, पण शेवटी मास्तर. ते पोशीरला आले तेव्हा गजा शेतावर होता. गौराबाईंनी विचार केला, इथं राहिलं तर हे कुणीतरी चुलीत घालील. गुरुजींच्या छपराखाली निदान राहील तरी.

“कुणी विणलंय हे?” गुरुजींनी विचारलं.

“घरच्यांनी.”

“आणि हा असा फुगवटा का आलाय?”

गौराबाईंनी त्या पोकळीकडे पाहिलं. परक्या माणसासमोर पोरीचं नाव कसं काढायचं? “चुकलं आमचं, गुरुजी,” एवढंच त्या म्हणाल्या आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेल्या.

आता मास्तराच्या कानावर ‘चुकलं’ पडलं की हात आपसूक लाल पेनाकडे जायचा. पण ते त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही. संध्याकाळी गजा आला, रिकाम्या जागेकडे बघून म्हणाला, “बरं केलंस.” संग्रहालय उघडलं त्या दिवशी सून बाळंतपणाला टेकलेली, म्हणून तो एकटाच कळंबला गेला. चौथीपर्यंत शिकलेला होता, अक्षर लावून वाचायचा. परत आल्यावर पायरीवरच बसला. मग म्हणाला, “इरल्याचं गुरुजींना तू काय सांगितलंस गं?”

“काय सांगनार? चुकलं, म्हनाले मी.”

“असं सांगितलंस?”

“मग काय, खोटं हाय?”

“खोटं नाय,” गजा म्हणाला आणि उठून पाय धुवायला गेला.

त्यानंतर त्यानं कांबटीला हात लावला नाही. टोपली मागायला कुणी आलं तर म्हणे, हात गेले आता. लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या आल्याच होत्या, इरलं विचारतो कोण? गौराबाईंनाही वाटलं, वय झालं माणसाचं. फक्त एक खोड त्यांनी पाहिली होती. पावसाळ्यात स्वराजला प्लॅस्टिकच्या खोळीत गुंडाळून कुठं न्यायचं झालं, की गजा ती खोळ हातात घेऊन तिच्या शिवणीवरून बोटं फिरवीत बसायचा, इतका वेळ की सून वैतागायची.

शेवटच्या वर्षी तो अंथरुणाला खिळला. कान तर आधीच गेले होते. स्लॅब गळायला लागला होता, कोपऱ्यात बादली ठेवावी लागे. गजा मधेच डोळे उघडून विचारी, “आत पानी येतंय का गं?”

गौराबाई त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत, “येतंय! कवाचं येतंय! रूपेशला सांगितलंय डांबर मारायला!”

तो डोळे मिटून घेई. दिवाळीनंतर आभाळात ढगाचा ठिपका नसतानाही तो तेच विचारू लागला, तेव्हा घरातल्यांनी धरलं की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. गौराबाईही दमल्या होत्या. शब्दाला शब्द नको म्हणून त्या ओरडत, “येतंय, येतंय, झोपा आता.” माघात तो गेला.

गुरुजी त्याच्याही आधी गेले होते. संग्रहालयाला कुलूप लागलं, आणि कुलपाआड वाळवीचं राज्य सुरू झालं. गेल्या वर्षी गुरुजींच्या नातीनं, हर्षलानं, ते उघडलं. कर्जतच्या कॉलेजात शिकवणारी ही मुलगी. आधी तिनं रंग दिला, दिवे लावले. आसपासच्या रिसॉर्टमधली माणसं आली, मुसळासोबत सेल्फी काढून गेली. हर्षलाच्या लक्षात आलं की इथं वस्तू आहेत, पण त्यांच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही. मग तिनं दर रविवारी एका गावातली जुनी माणसं बोलवायला सुरुवात केली. चहा द्यायचा, वस्तू हातात द्यायची आणि मोबाइल चालू करून गप्प बसायचं. डोंगरातल्या वाडीवरून वाघ्या नावाचा एक म्हातारा आला, कोपऱ्यातला ढोल त्यानं मांडीवर घेतला, आणि सुरुवातीला लाजणारा तो गडी दिवस कलेपर्यंत उठेना. खोलीत पुन्हा माणसांचा वास यायला लागला.

पोशीरची पाळी आली तेव्हा रूपेशनं आईला टेंपोत बसवून आणलं. “तुला काय बोलायचं हाय तिथं?” असं तो वाटेत दोनदा म्हणाला. गौराबाईंना बोलायचं नव्हतंच. त्यांना चिमाची वस्तू मरायच्या आत एकदा डोळ्यांनी बघायची होती. नवरा गेल्यापासून ती पोर होती हे जगात त्यांच्या एकटीच्याच ध्यानात होतं, आणि कधी कधी त्यांना भीती वाटे की आपण ती मनानंच तर रचली नाही ना.

इरलं भिंतीवर टांगलेलं होतं. पानं भुगा होऊन गळून गेली होती. उरली होती कांबट्यांची जाळी, आणि तो फुगवटा. गौराबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. खाली एक रंगवलेली पाटी होती. त्यांना वाचता येत नव्हतं.

“काय लिवलंय गं पोरी?”

हर्षला वाचायला लागली, “इरलं. गाव पोशीर. घरगुती काम. कारागीर अज्ञात. वीण चुकल्यामुळे एका बाजूस फुगवटा आलेला आहे.”

“परत वाच.”

तिनं परत वाचलं. गौराबाई मटकन खालीच बसल्या. सोबत आलेली सून सुनिता पाण्याचा पेला घेऊन धावली, तो त्यांनी बाजूला सारला. कुणी काही विचारायच्या आधीच त्या बोलायला लागल्या, आणि हर्षलाच्या हातातला मोबाइल चालूच राहिला.

“वीन नाय चुकली. कोन म्हनतं चुकली? पोरीच्या डोक्याला जागा ठेवली व्हती त्यांनी. माझ्या चिमाच्या. त्या दिशी तिला सोडून घेतली, तवा अंग निखाऱ्यावानी, पन अंगावरचं फडकं कोरडं. जावळ कोरडं. थेंब नाय आत. तिला आदल्या राती ताप व्हता आनि मी तरी नेली. चुकलं ते माझं. मी गुरुजींना माझं चुकलं सांगितलं गं!”

त्या थांबल्या. काहीतरी हळूहळू त्यांच्या ध्यानात येत होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर सगळ्यांना दिसत होतं.

“ह्यांनी ही पाटी वाचली. आनि मला येऊन इचारलं, तू काय सांगितलंस. मी म्हनाले, चुकलं. वर मीच म्हनाले, खोटं हाय का?” त्यांचा आवाज फुटला. “त्यांना वाटलं, मी त्यांच्या विनीला बोल लावते. वाटलं, इरलं गळलं म्हनून पोर गेली. मरस्तवर इचारीत व्हते, आत पानी येतंय का, आत पानी येतंय का. आनि मी मेली त्यांच्या कानात वरडून सांगत व्हते, येतंय.”

रूपेश दाराशी उभा होता. आपल्याला एक बहीण होती हे त्यालाही आजच कळत होतं. तो पुढं येईना की मागं जाईना. इतक्या वर्षांत एक वाक्य नीट बोललं गेलं असतं तर माणूस सुखानं मेला असता. गौराबाईंचा सगळा शोक एवढाच होता, आणि त्याला आता कसलाही इलाज नव्हता.

हर्षलानं ती पाटी खिळ्यावरून काढली. डोळे पुसत म्हणाली, “आजी, नवीन पाटी लिहू. विणणाऱ्याचं नाव काय?”

सुनितानं सवयीनं तोंड उघडलं, “मी सांगते, त्यांचं नाव...”

“थांब,” गौराबाई म्हणाल्या. विधवा झाल्यापासून त्यांना कुणी नाव घे म्हणालं नव्हतं. उखाणा आठवत होता, पण तो त्यांनी घेतला नाही. उठल्या, त्या पोकळीत हात घातला आणि म्हणाल्या, “गजानन. गजानननं विनलं हे. त्याच्या चिमासाठी. गजानन, आत पानी नाय आलं.”

मग पदरानं तोंड पुसून त्यांनी मोबाइलकडे बोट केलं. “ह्यात आलं का सगळं?”

“आलं, आजी.” हर्षलानं शेवटचं लावून दाखवलं. खोलीत त्यांचाच आवाज बारीकसा उमटला, गजानन, आत पानी नाय आलं.

“जरा मोठ्यानं लाव गं,” गौराबाई म्हणाल्या. “ह्यांना कमी ऐकू येतं.”