भिंगाच्या कडेवरचा अर्धा बाण

हे मी आईला सांगितलेलं नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या मयूरीला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून कदाचित तुमच्यापाशी जमेल.

मला जुन्या जर्मन दुर्बिणींचा नाद आहे. लांब नळीच्या, पुढे भिंग असलेल्या, मागच्या शतकातल्या. माझ्याकडे एकही नाही; गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत ती नळी आडवी ठेवायलाही जागा नाही. पण मला त्या ओळखता येतात. पुढच्या कड्यावर कोरलेलं नाव, त्याखालचा नंबर, तिरपा उजेड टाकला की भिंगावर उमटणारी निळसर झाक — सगळं इंटरनेटवर वाचून वाचून पाठ केलंय. कोणी पितळेची चकचकीत नळी 'जर्मन अँटिक' म्हणून उचलून आणली, तर आमच्या ग्रुपमध्ये ती आधी माझ्याकडे येते. मी फार बोलत नाही. पण तिथे माझं 'नाही' म्हणजे नाही.

ग्रुप म्हणजे दादरच्या एका शाळेच्या गच्चीवर शनिवारी संध्याकाळी जमणारी आकाश बघणारी माणसं. बँकेतून रिटायर झालेले देशमुख काका तो चालवतात. मयूरी तिथेच भेटली. वरळी कोळीवाड्यातली; आई मासे विकते, ती स्वतः परळच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला. दुर्बिणींबद्दल तिने एक ओळ वाचलेली नव्हती. पहिल्याच संध्याकाळी शनीकडे बघून म्हणाली, "काका, कड्यात काळी रेघ आहे ना एक? केसासारखी?"

असते ती रेघ. मी तिच्याबद्दल ढीगभर वाचलं होतं. मला ती कधीच दिसली नव्हती — आणि दोन वर्षं मी 'दिसली' म्हणत आले होते.

"ह्या पोरीला डोळा आहे," काका म्हणाले.

एवढंच. ते वाक्य मला कुठे लागलं, ते आजही बोट ठेवून दाखवीन. त्यानंतर काका दुर्बिणीला आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, लावला की आधी तिला हाक मारायचे. ती वहीत पेन्सिलने ग्रह काढायची, काका ती वही सगळ्यांना फिरवून दाखवायचे. मी 'छान' म्हणायचे. आणि ती? ती माझ्यावर जीव टाकायची. "सानू, तुला किती माहीत असतं गं!" हे तिने मनापासून म्हणावं आणि मला टोमण्यासारखं टोचावं — ह्याला काय म्हणायचं?

वळसे घालतेय मी. मुद्द्यावर येते.

दोन वर्षांपूर्वी तिला दवाखान्यात शनिवार संध्याकाळची पाळी लागणार होती. गच्ची सुटणार होती. स्वतःची दुर्बीण मिळाली, तरच तिचं बघणं चालू राहणार होतं. रे रोडला जहाजांचं जुनं सामान विकणाऱ्या एका गाळ्यात तिला एक सापडली. "तू चल. तू बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही."

रविवारची सकाळ होती. गाळ्यात नांगर, बंब, केबिनचे दिवे, आणि मधे ती — करड्या रंगाची, नळीवर एक पोचा. नाव खरं, नंबर खरा, निळसर झाकही खरी.

"कप्तानच्या केबिनमधली हाय ताई, ओरिजिनल जर्मन," गाळेवाले चाचा म्हणाले.

"चाचा, कप्तानला एवढं नीट दिसत असतं तर जहाज तुमच्याकडे भंगारात आलं असतं का?" मयूरीने विचारलं. चाचा पोट धरून हसले.

आम्ही ती गोदीतल्या एका क्रेनकडे रोखली. चित्र धूसर. फोकस कितीही फिरवा, बसेचना. मयूरी बराच वेळ बघत राहिली, वहीत काहीतरी काढलं, मग आईला फोन करायला बाहेर गेली.

चाचांना विचारून मी पुढचं कडं फिरवून काढलं.

ह्या दुर्बिणींचं भिंग म्हणजे खरं तर दोन काचा, एकीमागे एक. त्या जुळवल्या की कारागीर कधीकधी दोन्हींच्या कडेवर मिळून पेन्सिलने एक बाण काढायचा — अर्धा हिच्यावर, अर्धा तिच्यावर. पुढे कोणी पुसायला काचा काढल्या तर बाण जुळवून बसवायच्या. हे माहीत नसलेला माणूस काच उलटी बसवतो, आणि चांगली दुर्बीण आंधळी होते.

माझ्यासमोर दोन अर्धे बाण होते. जुळत नव्हते. पुढची काच उलटी होती. बस्स. पाच मिनिटांचं काम.

मी कडं परत घट्ट फिरवलं.

मयूरी आली तेव्हा मी म्हणाले, "नाव खरंय, पण काच बदललेली आहे. नकली. नको घेऊस."

तिने वही पुढे केली. "पण हे बघ ना. धुक्याच्या आत एक बारीक, धारदार क्रेन आहे असं वाटत होतं. जुळता जुळता राहतेय." चित्रात तेच होतं. उलट्या काचेतून जे दिसायला हवं, नेमकं ते — तिने काही न वाचता काढलेलं.

"वाटतं तसं," मी म्हणाले. "डोळा फसतो."

तिने वही मिटली. "चाचा, राहू दे. आमची दुर्बिणींची डॉक्टर नाही म्हणते."

मग शनिवारची पाळी लागली. ती गच्चीवर शेवटची आली तेव्हा वही माझ्या हातात ठेवली. "तुला उपयोगी पडेल. माझा काय, डोळा फसतो." हसतच म्हणाली. काका आता आयपीस लावला की मला आधी बोलावतात. ती काळी रेघ मला अजून दिसलेली नाही.

मागच्या आठवड्यात तिने एक फोटो पाठवला. लोअर परळमध्ये जुन्या गिरणीच्या आवारातलं हॉटेल, दवाखान्यातल्या कोणाचा तरी वाढदिवस. मागे कोपऱ्यात शोभेची म्हणून ती दुर्बीण उभी, नळीत पिवळा बल्ब. 'सानू, ओळख! आपली रे रोडची नकली!' तिने ती पोच्यावरून ओळखली होती, अर्ध्या अंधारात. मी फोटो मोठा करून बघितला, आणि आधी काय मनात आलं माहितीये? — हिला अजूनही दिसतं.

मी लिहिलं, 'हो गं, तीच.'

तिचं उत्तर आलं, 'तू होतीस म्हणून वाचले.'

मी त्यावर लाल बदाम टाकला.