सासऱ्यांचं नेटवर्क कार्ड

प्रकल्पातले लोक त्याला ‘कात्री’ म्हणत, आणि ते त्याला मनापासून आवडे.

प्रकल्प म्हणजे सर्व्हर चालवणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम. कोणीही ती फुकट घ्यावी, आतून उघडून पाहावी, जमलं तर सुधारावी. जगभरची हौशी मंडळी तिच्यावर राबत. कात्री दिवसभर विमा कंपनीचे सर्व्हर सांभाळायचा आणि सुट्टीच्या दिवशी या सिस्टीमची सेवा करायचा. बाकीचे तिच्यात नवं काही घालत, हा जुनं काढून टाकायचा. प्रगतीच्या अहवालात त्याला नेहमी मानाचं पान मिळे, कारण नव्या गोष्टी बहुतेक ‘लवकरच येणाऱ्या’ असत, काढलेल्या मात्र खरोखर गेलेल्या असत.

“आज काय केलंत?” बायको विचारी.

“बरंच काढलं.”

“माळ्यावरचं?”

“नाही.”

एकदा त्याची नजर एका जुन्या नेटवर्क कार्डाच्या, म्हणजे मशीनला इतर मशीनांशी जोडणाऱ्या पट्टीच्या, ड्रायव्हरवर गेली. ड्रायव्हर म्हणजे त्या कार्डाची भाषा सिस्टीमला समजावून सांगणारा दुभाषा. कार्ड बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. नियमाप्रमाणे कात्रीने प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना एकदम जाणाऱ्या ईमेलात, विचारलं, “हे कोणी वापरतं का?” कार्डाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. प्रश्न असा विचारणं सभ्यपणाचं आहे का, यावर मात्र कडाक्याचं भांडण झालं. ते शमल्यावर मौन म्हणजे संमती धरून त्याने ड्रायव्हर उडवला. ‘कोणाचीही गैरसोय न होता सफाई पूर्ण’ असं अहवालात छापून आलं.

नवी आवृत्ती आली त्याच आठवड्यात बायकोने ऑफिसात फोन केला. “बाबांच्या लाँड्रीतलं मशीन बंद पडलंय. जाऊन या.”

लाँड्री सासऱ्यांची. तिथला सर्व्हर कात्रीनेच लग्न ठरताना छाप पाडायला बसवून दिला होता, आणि तो आपोआप अपडेट होईल अशी सोयही करून ठेवली होती. तो पोहोचला तेव्हा काउंटरवर कपड्यांचा डोंगर होता. टोकन छापणं बंद पडल्यामुळे गिऱ्हाइकं कॉलर उलटून आपापले शर्ट ओळखत होती. एका सद्‌गृहस्थांना दुसऱ्याचा कोट अंगाला बरोबर बसला होता आणि ते तो काढायला तयार नव्हते.

“जावईबापू, हे सकाळी आपणहून नवीन झालं,” सासरे म्हणाले, “आणि तेव्हापासून कोणाशी बोलत नाही.”

कात्रीने डबा उघडला. आत तेच कार्ड.

“या कार्डाचा आधार काढून टाकलाय.”

“कोणी?”

“प्रकल्पाने.”

“म्हणजे कोणी?”

कात्रीने हातातला स्क्रू काउंटरवर ठेवला. “मीच.”

“का हो?”

“कोणी वापरत नव्हतं. आम्ही सगळ्यांना विचारलं होतं.”

“दर बुधवारी इस्त्रीचे कपडे न्यायला येता. तेव्हा नाही विचारलंत.”

“नवीन कार्ड टाकून देतो.”

“जुन्याने काय वाकडं केलंय?”

आपलेच दात, आपलेच ओठ. तात्पुरती जुनी आवृत्ती चढवून त्याने दुकान सुरू केलं आणि मान खाली घालून लिस्टवर लिहिलं की ड्रायव्हर परत घ्यावा. प्रकल्पाच्या अध्यक्षांनी विचारलं, “वापरणारे किती?”

“एक.”

“त्यांनी वेळेवर हरकत का नोंदवली नाही?”

“ते कपडे धुतात.”

इतके दिवस गप्प बसलेल्यांना आता कंठ फुटला. ड्रायव्हर काढणं हा घोर अन्याय होता, असं सफाईच्या अहवालावर टाळ्या वाजवणाऱ्यांनीच कळवलं. शेवटी ठरलं की परत आणेल त्यानेच तो सांभाळावा. पुढच्या अहवालात ‘नव्या सोयी’ या सदरात पहिलीच ओळ त्या कार्डाची होती. इतकी प्रगती त्या वर्षात दुसरी झाली नव्हती.

दरम्यान बायकोने वडिलांना मेलिंग लिस्टवर घातलं. कोणी काही काढायचं म्हटलं की सासरे एका ओळीत उत्तर देत, “आम्हाला लागतं.” पुरावा मागायची कोणाची छाती होईना. कात्रीची सफाई थंडावली. त्याला सुट्टीच्या दिवशी वेळ उरू लागला, आणि तो कसा घालवावा हे त्याला कळेना.

वर्षअखेरीस अध्यक्षांनी सासऱ्यांना सल्लागार मंडळावर बोलावलं. त्यांनी होकार दिला. इस्त्रीच्या वेळात बैठक ठेवायची नाही, एवढीच अट घातली.