दोन टाइपांतलं एक पान

नवऱ्याच्या पुस्तकासाठी राजारामपुरीतल्या डीटीपीवाल्यानं एकच पान दोन टाइपांत काढून दिलं होतं. एक टाइप नाजूक, रेघा टोकाकडे केसासारख्या बारीक होत जाणाऱ्या. दुसरा जुन्या शाळेच्या पुस्तकांसारखा, ठसठशीत. दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवशी नवऱ्यानं नाजूक टाइपावर लाल पेनानं बरोबरची खूण केली. त्यानंतर त्याच्या हातून कागदावर काही उमटलं नाही.

त्याच्या वर्षश्राद्धाला पुस्तक निघायचं होतं. सासूबाई डोळे दाखवायला शिरोळहून माझ्याकडे येऊन राहिल्या होत्या. काचबिंदू. उरलेली नजर किती दिवस टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. लेकाचं पुस्तक त्यांना स्वतः वाचायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

मी रोज ती दोन पानं समोर घेऊन बसायची आणि तशीच उठायची. शेवटी एका दुपारी खिडकीपाशी नाजूक टाइपाचं पान त्यांच्या हातात दिलं. लेकानं याच टाइपावर खूण केलीय, हे मी त्यांना आधीच सांगून बसले होते, तीच चूक झाली.

त्यांनी भराभर वाचलं. पुराचं पान होतं, शाळकरी लेकाला घेऊन त्या पाण्यातून निघतात ते. 'आईनं भाकरीचं टोपलं सोडलं, पण माझं दप्तर सोडलं नाही,' हेही त्यांनी वाचलं. ते वाक्य पानावर नव्हतंच. छापायला द्यायची प्रेसकॉपी करताना मला ते भाबडं वाटलं, म्हणून मी गाळलं होतं. दर रविवारी गावी जाऊन तो लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायचा. त्यांना ते पाठ होतं.

मी दुसरं पान दिलं. आता बोट अक्षरांखालून सरकू लागलं, एकेक शब्द, मध्येच थांबत. पाण्यातून निघतात तिथं ते अडलं.

"हितं टोपल्याचं न्हाय की."

"मी काढलं, आई."

त्यांनी बोट पानावरून उचललं. मग म्हणाल्या, "पयलंच घे. त्येला त्येच पायजे हुतं."

"ते तुम्हाला दिसत नाही."

त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

संध्याकाळी डीटीपीवाल्याकडे जाऊन मी ठसठशीत टाइप सांगितला. वाक्य परत घातलं. नवऱ्यानं शेवटचं जे मागितलं होतं ते मी मोडलं, आणि हे सांगायला ज्याच्याकडे जावं तोच नव्हता. परतले तेव्हा सासूबाई दारातच बसल्या होत्या. कुठला टाइप, हे त्यांनी विचारलं नाही.

"लवकर छापाय सांग, पोरी. अजून दिसतंय तवर."