वहीवरचा फोटो

शेजारच्या मुक्ताला शाळेत फुकट वह्या मिळाल्या, म्हणून मी खाकी कागद घेऊन कव्हरं घालायला बसले. तिनं माझा हात धरला.

"बाई नको म्हणाल्यात, काकू. साहेबांचा फोटो झाकला जातो."

प्रत्येक वहीवर त्या वाटणाऱ्या कारखानदाराचा हसरा चेहरा होता. मुलीच्या नावासाठी खाली करंगळीएवढी रेघ. वह्या दिल्या, चांगलं केलं. पण लेकरांनी वर्षभर यांचा चेहरा दप्तरातून वागवायचा? या हाताचं त्या हाताला कळू नये, असं ऐकत आम्ही वाढलो. यांचं दान पोरांच्या पाठीवरून गावभर फिरतं.

माझी बडबड मुक्तानं ऐकली. मग विचारलं, "दिली म्हणजे वही माझी झाली ना?"

"झाली."

"मग घाला कव्हर."